पं. विष्णू नारायण भातखंडे : स्वरांचा हिशोब मांडणारा वकील

आपल्या धर्मग्रामांतील गायकवृंदांमध्ये अलीकडे एक लहानसा वाद वारंवार ऐकू येतो. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत तो आम्ही ऐकला आहे आणि इतरत्रही तो असणारच. पेटीवर बसणारे वयस्क बंधू गीताला आसावरीचे म्हणतात. नव्याने कीबोर्ड शिकून आलेला तरुण त्याच गीताला मायनर म्हणतो. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. तरीही गीत सुरू झाले की एखाद्या ओळीच्या शेवटी पेटीचा आणि कीबोर्डचा स्वर एकमेकांवर आदळतो, गाणारे बावरतात आणि मिस्साबलीनंतर कोण चुकले यावर चर्चा रंगते. या वादाचे मूळ शोधताना आम्हांस एका मराठी माणसाच्या चरित्राकडे वळावे लागले. आज शाळेतील मुलेही ज्या दहा थाटांची नावे पाठ म्हणतात, ते थाट ज्यांनी निवडून दिले, त्या पंडित विष्णू नारायण भातखंडे यांचे हे चरित्र आहे.

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. तो दिवस गोकुळाष्टमीचा होता. घर मध्यमवर्गीय होते. गाण्याबजावण्याची आवड होती, पण गाण्यावर पोट भरण्याचा विचार त्या काळच्या सुशिक्षित कुटुंबात कोणी करीत नसे. मुलाने शिकावे, पदवी घ्यावी, प्रतिष्ठेचा व्यवसाय करावा अशीच घरची अपेक्षा होती आणि विष्णूने ती पूर्ण केली. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून १८८५ साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि १८८७ साली कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले. काही काळ कराचीत व पुढे मुंबईत त्यांनी वकिली केली.

संगीताचा अभ्यास मात्र याच काळात एका बाजूने चालूच होता. वल्लभदास दामुलजी यांच्याकडे ते सतार शिकले. १८८४ च्या सुमारास ते गायन उत्तेजक मंडळीत जाऊ लागले. मुंबईतील पारशी गृहस्थांनी १८७० साली स्थापन केलेली ही संस्था होती. सभ्य घरांतील लोकांनी संगीत ऐकावे व शिकावे, हा तिचा हेतू होता. तेथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांनी ध्रुपदे घेतली, अली हुसेन व विलायत हुसेन यांच्याकडून ख्याल घेतले. शेकडो चिजा त्यांच्या संग्रही जमा झाल्या.

चिजा जमल्या, पण त्यांच्यातील वकिलाचे समाधान होईना. एकाच रागात एक उस्ताद एक स्वर लावी, दुसरा उस्ताद दुसरा. का, असे विचारले तर आमच्या गुरूंनी असेच सांगितले, एवढेच उत्तर मिळे. न्यायालयात पुराव्याशिवाय एक पाऊल पुढे न टाकणाऱ्या माणसाला हे उत्तर कसे पुरावे? संस्कृत ग्रंथ उघडावेत तर त्यांतील रागांची वर्णने प्रत्यक्ष गाण्याशी जुळत नसत. शास्त्र एकीकडे आणि गळा दुसरीकडे, अशी स्थिती होती.

याच सुमारास त्यांच्या घरावर दुःखाचा डोंगर कोसळला. १९०० साली पत्नी गेली. १९०३ साली एकुलती एक मुलगीही गेली. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी हा माणूस घरात एकटा उरला. पुनर्विवाहाचा विचार त्यांनी केला नाही. हळूहळू वकिली सुटत गेली आणि उरलेले सारे आयुष्य त्यांनी एका प्रश्नामागे लावले : हिंदुस्थानात आज जे गायले जाते त्याचा नियम काय आहे?

उत्तर शोधण्यासाठी ते प्रवासास निघाले. १८९६ साली गुजरातेत एक फेरी झाली होतीच. १९०४ साली त्यांनी दक्षिणेची मोठी यात्रा आरंभिली. त्या काळी मुंबईहून मद्रासला जाणारा लोहमार्ग पुणे, दौंड, सोलापूर व रायचूर असाच होता. इंग्रज आपल्या दौंडचे नाव धोंड असे लिहीत. आज जेथे आपण मनमाडच्या गाडीची वाट पाहतो, त्याच फलाटांवरून देशभरातील विद्वान, व्यापारी आणि यात्रेकरू दक्षिणेकडे जात. दौंडच्या अलीकडे केडगाव लागते. तेथे त्याच वर्षांत पंडिता रमाबाई मुक्ती मिशनमध्ये अनाथ मुली व विधवांना सांभाळीत होत्या आणि बायबलच्या मराठी भाषांतराचे काम करीत होत्या. दोघांची भेट झाली असे आम्ही म्हणत नाही. एकाच लोहमार्गावरच्या या दोन जीवनकथा एवढ्यासाठी आठवल्या की दोघांनीही कुटुंबातील माणसे गमावली होती आणि मोजक्यांच्या हाती असलेली विद्या सर्वांना समजेल अशा भाषेत आणण्याचे काम दोघांनीही पत्करले होते.

दक्षिणेत भातखंडे मद्रास, तंजावर, मदुराई असे फिरले. एट्टयपुरम येथे त्यांची सुब्बराम दीक्षितर या थोर विद्वानांशी भेट झाली. ते बरोबर प्रश्नांची यादी नेत, विद्वानांना एकेक प्रश्न विचारीत आणि रात्री दैनंदिनीत उत्तरे लिहीत. ग्रंथाचे नाव सांगून ग्रंथ न वाचलेले, श्रुतींवर बोलून श्रुती गाऊन न दाखवणारे असे लोकही त्यांना भेटले आणि त्यांच्याविषयी त्यांनी रोजनिशीत हात राखून लिहिले नाही. या प्रवासात त्यांना सर्वांत मोठा लाभ झाला तो सतराव्या शतकातील व्यंकटमखी यांच्या चतुर्दण्डिप्रकाशिका या ग्रंथाचा.

येथे थोडे थांबून व्यंकटमखींचा हिशोब समजून घेऊ, कारण आपल्या गायकवृंदातील वादाची किल्ली त्यातच आहे. पेटीवर एका सप्तकात बारा पट्ट्या असतात. सा आणि प अचल धरले. मध्यमाचे दोन प्रकार, शुद्ध व तीव्र. सा आणि म यांच्यामध्ये दोन स्वर बसवण्याचे सहा मार्ग निघतात, प आणि वरचा सा यांच्यामध्येही सहा. सहा गुणिले सहा म्हणजे छत्तीस, आणि मध्यम दोन म्हणून बहात्तर. सात स्वरांच्या अशा बहात्तर पायऱ्या गणिताने निघतात. कर्नाटक पद्धतीत त्यांना मेळकर्ता म्हणतात. इंग्रजी शिकलेला तरुण ज्याला स्केल म्हणतो, ती हीच गोष्ट आहे.

उत्तरेकडच्या रागांसाठी ही बहात्तरची कोठी भातखंडे यांना फार मोठी वाटली. १९०७ साली नागपूर, कलकत्ता, पुरी, हैदराबाद आणि १९०८ साली अलाहाबाद, काशी, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर, बिकानेर, उदयपूर अशा यात्रा त्यांनी केल्या. जे प्रत्यक्ष गायले जात होते ते ऐकून त्यांनी बहात्तरांतून दहा निवडले : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. १९०९ साली श्रीमल्लक्ष्यसंगीतम् हा संस्कृत ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला. त्यावर स्वतःचे नाव घातले नाही, चतुर पंडित असे टोपणनाव घातले. त्याचे सविस्तर विवेचन करणारा हिंदुस्थानी संगीत पद्धती हा ग्रंथ मात्र त्यांनी मराठीत लिहिला. १९१० ते १९३२ या काळात त्याचे चार भाग निघाले. गुरू आणि शिष्य यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात तो लिहिलेला असल्याने वाचताना कंटाळा येत नाही.

वाचकांनी आता पेटी समोर घ्यावी. पांढरी एक ला सा धरून केवळ पांढऱ्या पट्ट्या वाजवीत वर गेले की बिलावल थाट मिळतो. पाश्चात्त्य संगीतातला मेजर तोच. भातखंडे यांनी याच थाटाला शुद्ध स्वरांचा थाट मानले. आता पट्ट्या त्याच ठेवून सा ची जागा बदलू. पांढरी दोन ला सा धरला तर काफी, तीन ला भैरवी, चार ला कल्याण, पाच ला खमाज आणि सहा ला आसावरी. पांढरी सात ला सा धरला तर पंचमच सापडत नाही, म्हणून तेथे थाट नाही. दहांपैकी सहा थाट असे एकाच घरातून निघतात. उरलेले चार, म्हणजे भैरव, पूर्वी, मारवा व तोडी, यांना काळ्या पट्ट्यांची मदत लागतेच.

पांढरी सहा पासून निघणारा आसावरी थाट हाच तरुणांचा मायनर होय. त्यात ग, ध आणि नि हे तीन स्वर कोमल. त्याची मूळ कॉर्ड सा, कोमल ग आणि प अशी तीन स्वरांची. मेजर कॉर्डमध्ये तोच ग शुद्ध असतो. एका पट्टीचा फरक, पण कान लगेच ओळखतो. मायनर म्हणजे दुःखी असे सरसकट म्हणण्याची पद्धत आहे, ती आम्हांस पटत नाही. काफीतील होळीची गीते कोमल ग घेऊनच रंगतात आणि ती ऐकून कोणी डोळे पुसत नाही.

मग पेटी आणि कीबोर्ड भांडतात कोठे? ते निषादावर भांडतात. कॉर्ड एकामागून एक रचताना गीत शेवटी सा वर परत यावे, घरी आल्यासारखे वाटावे, अशी पाश्चात्त्य पद्धतीची गरज असते. आसावरीत पंचमावर कॉर्ड रचली तर ती प, कोमल नि, रे अशी होते. कोमल नि हा सा पासून पूर्ण स्वराच्या अंतरावर असल्याने सा कडे जाण्याची ओढ त्यात कमी असते. म्हणून पाश्चात्त्य रचनाकारांनी त्या कॉर्डपुरता निषाद शुद्ध केला. शुद्ध नि सा च्या अगदी उंबरठ्यावर असतो, तो कानावर पडला की कान सा ची वाट पाहू लागतो. पांढरी सहा च्या सा मध्ये सांगायचे तर मूळ कॉर्ड पांढरी सहा, वरची एक आणि तीन. मध्यमाची कॉर्ड पांढरी दोन, चार, सहा. पंचमाची मात्र पांढरी तीन, काळी चार, पांढरी सात. मधली पांढरी पाच गेली आणि तिच्या जागी काळी चार आली. गाणारे जुन्या चालीप्रमाणे पांढरी पाच म्हणजे कोमल नि गातात, पेटी त्यांना साथ देते, आणि कीबोर्डवर त्याच क्षणी काळी चार वाजते. आदळतात ते हे दोन स्वर.

सा रे कोमल ग म प कोमल ध शुद्ध नि ही पायरी भातखंडे यांच्या दहांत नाही. व्यंकटमखींच्या बहात्तरांत ती आहे. कर्नाटक संगीतात ती एकविसावी मेळ, कीरवाणी. आज उत्तरेकडचे कलावंतही किरवाणी हौसेने वाजवतात आणि चित्रपटगीतांतून ती घरोघर पोहोचली आहे. म्हणजे ज्या पायरीवर आपले तरुण कॉर्ड रचतात, नेमकी तीच पायरी दहा थाटांच्या शिडीत गाळलेली आहे. पेटीवरच्या बंधूंना शाळेत वा वर्गात तिचे नाव कोणी सांगितलेले नसते, तर कीबोर्डवरच्या तरुणास आसावरी हे नाव ठाऊक नसते.

हा भातखंडे यांचा दोष म्हणावा काय? त्यांच्यावर हा आक्षेप अनेकांनी घेतला आहे. पटदीपात ग कोमल आणि नि शुद्ध, तरी त्याला काफीत बसवावे लागते. अहिर भैरवात रे आणि नि कोमल, तो कोणत्याच थाटात नीट बसत नाही. आमच्या मते भातखंडे यांनी आपल्या काळी जे गायले जात होते त्याची नोंद केली, पुढे काय गायले जाईल याची नव्हे, आणि कॉर्ड हा तर त्यांचा विषयच नव्हता. पण दहाच्या आकड्याला पुढील पिढ्यांनी जणू अंतिम मानले, आणि तेथे मात्र शिकवणाऱ्यांचा आळस दिसतो.

ग्रंथ लिहून भातखंडे थांबले नाहीत. मोठ्या घराण्यांच्या चिजा उस्तादांच्या पोटातच राहत, मुलाला व जावयाला मिळत, बाहेरच्यास मिळत नसत. भातखंडे यांनी त्या मिळवल्या. जयपूरच्या मोहम्मद अली खाँ यांच्या घराण्याच्या रचना त्यांनी लिहून घेतल्या. रामपूरचे नवाब हमीद अली खाँ व त्यांचे गुरू वजीर खाँ यांच्याकडून तानसेनाच्या परंपरेतील विद्या मिळवली. हे सारे क्रमिक पुस्तक मालिका या नावाने सहा भागांत प्रसिद्ध झाले. शेवटचे भाग त्यांच्या पश्चात निघाले. ज्या चिजेसाठी शिष्याने वर्षानुवर्षे सेवा करावी, ती आता कोणासही वाचता येऊ लागली. काही उस्तादांना यात आपल्या घरावर दरोडा पडल्यासारखे वाटले. त्यांच्या पिढीजात भाकरीचा तो प्रश्न होता, हे आपण विसरू नये. भातखंडे यांच्या लिखाणात उस्तादांच्या अशिक्षितपणाविषयी जो तुच्छतेचा सूर मधूनमधून लागतो, त्यावर जानकी बाखले यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात कठोर टीका केली आहे. ती वाचण्याजोगी आहे.

चिजा छापण्यासाठी लिपी हवी होती. भातखंडे यांची स्वरलिपी आजही सर्वांत सोपी आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, समेला फुली, कालाला शून्य. त्याच काळात पं. विष्णू दिगंबर पलुस्कर यांनीही आपली वेगळी लिपी तयार केली होती, पण ती लिहिण्यास अवघड. आपल्या मराठी भक्तिगीतांच्या वह्यांमध्ये चालीच्या वर सा रे ग अशी अक्षरे व त्यांखाली रेघा दिसतात, त्या बहुधा भातखंडे यांच्याच. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात स्थानिक लोकांच्या संगीतपरंपरेला मान देण्यास सांगितले, आणि त्यानंतर मराठी चालींची गीते एका धर्मग्रामातून दुसऱ्यात जाऊ लागली, तेव्हा ही लिपी हाताशी तयार होती.

रागाचे लक्षण मुलांच्या ध्यानात राहावे म्हणून भातखंडे यांनी लक्षणगीते रचली. रागाचे वादी, संवादी, वर्ज्य स्वर त्या रागातच गाऊन सांगायचे. पाठांतर व गायन एकाच वेळी होते. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांतही गीतांतून शिकवण्याची रीत आहे, तेव्हा ही युक्ती आपल्या वाचकांना परकी वाटू नये.

१९१६ साली बडोद्यास सयाजीराव गायकवाड महाराजांच्या आश्रयाने त्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. पुढे दिल्ली, काशी आणि लखनौ येथे परिषदा झाल्या. एका व्यासपीठावर उस्ताद आणि पंडित बसून रागाच्या रूपावर चर्चा करतील, हे तोवर कोणी पाहिले नव्हते. वादही पुष्कळ झाले. सप्तकात बावीस श्रुती नेमक्या कोठे आहेत, हा त्यांतील मोठा वाद. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांनी बावीस श्रुतींची पेटीच तयार करण्याचा ध्यास घेतला होता. भातखंडे बारा स्वरांवर ठाम राहिले. आमच्यासारख्या बारा पट्ट्यांच्या पेटीवर भागवणाऱ्यांना हे सोयीचे झाले, पण गळ्यातला आसावरीचा कोमल ध पट्टीवरच्या कोमल ध पेक्षा किंचित वेगळा लागतो हे कान असलेल्यास नाकारता येत नाही. याच कारणाने आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती आणि ती सैल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले.

परिषदांतून शाळा उभ्या राहिल्या. बडोद्याच्या संगीतशाळेची त्यांनी नव्याने घडी बसवली. १९१८ साली ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय निघाले. १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झाले. तेव्हाच्या गव्हर्नरांचे नाव त्यास दिले होते. आज ते भातखंडे यांच्या नावाने विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी पुढे अनेक वर्षे तेथील धुरा वाहिली. या साऱ्या कामासाठी भातखंडे यांनी स्वतःसाठी काही मागितले नाही.

१९३३ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. तीन वर्षे अंथरुणावर गेली. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, मुंबईत त्यांचे निधन झाले. १९६१ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

शिरूर व दौंड भागातील आपल्या गायकवृंदांसाठी एक सूचना. येत्या सरावाला कोमल ग, ध, नि असलेले एखादे परिचयाचे गीत घ्या. प्रथम केवळ पेटीवर ते गाऊन ओळीच्या शेवटी निषाद कोमल येतो की शुद्ध, हे भातखंडे लिपीत वहीत लिहा. कोमल येत असेल तर कीबोर्डवाल्याने पंचमाच्या कॉर्डमध्ये काळी चार घेऊ नये, पांढरी पाचच ठेवावी. गीताची चालच शुद्ध निषादाची असेल तर पेटीवाल्या बंधूंनी त्या ओळीपुरती आसावरी सोडून किरवाणीची वाट धरावी. ज्या गीतांत दोन्ही निषाद येतात, त्यांच्या वहीत कोमल नि खाली रेघ ठळक काढा आणि ती वही दोघांच्या मध्ये ठेवा.